तारीख झाकून मोजलेली गाठ

मॅडम,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या रेडिएशन विभागात तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे. परळच्या त्या इमारतीत तुमची खोली होती तिथे आता दोन-तीन हात जाड भिंतींच्या आड नवं मशीन बसलं आहे. फिल्म सुकवायची दोरी गेली, डार्करूमचा तो आंबूस वास गेला, दारातला पाणी पिण्याचा माठही गेला. पण तुमचा एक शब्द मात्र राहिला आहे, आणि गंमत म्हणजे तो बोलणाऱ्या कुणालाच तो तुमचा आहे हे माहीत नाही. गाठ मोजायला बसण्याआधी आमची मुलं एकमेकांना विचारतात, "पट्टी लावली का?" पट्टी कुठेच नसते. कॉम्प्युटरवर रुग्णाचं नाव आणि स्कॅनची तारीख झाकून टाकायची, की झाली पट्टी लावून. मागे केरळहून आलेल्या एका फिजिसिस्टने मला विचारलंही होतं, की हे बटण सॉफ्टवेअरमध्ये नक्की कुठे आहे. मी इतकी हसले की त्याला वाटलं आपलं मराठी चुकलं.

मला मात्र तो शब्द कानावर पडला की तुमची ती कात्री दिसते. वॉर्डातून मागून आणलेली, टोकाला बोथट. मी नुकतीच तुमच्या हाताखाली रुजू झाले आहे, साडी नेसायची सवय नाही, निऱ्या सारख्या सुटताहेत, आणि तुम्ही टेबलावर एकाच रुग्णाच्या छातीच्या चार-पाच फिल्म मांडून त्यांच्या कोपऱ्यातल्या नावावर आणि तारखेवर चिकटपट्टीचे तुकडे डकवता आहात. मग पत्ते पिसावेत तशा त्या फिल्म पिसता आणि एकेक दिव्याच्या काचेवर लावता. आम्ही तिघं शिकाऊ डॉक्टर, हातात स्केल आणि मेणाची पेन्सिल. प्रत्येकाने एकट्याने आत जायचं, प्रत्येक फिल्मवरची गाठ मोजायची आणि बाहेर येऊन आकडा तुमच्या कानात सांगायचा. मोठ्याने नाही. कारण पहिल्याने "चार सेंटिमीटर" म्हटलं की दुसऱ्यालाही चारच दिसतात, असं तुमचं म्हणणं. तुम्ही मान तिरकी करून कान पुढे करायचात, केसांतल्या सोनचाफ्याचा वास यायचा आणि मी दबक्या आवाजात आकडा सांगायचे. पहिले काही दिवस मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. आमच्या शाळेत नन्सच्या कानाशी जाऊन बोलायची कुणाची छाती होती!

"तारीख कशाला झाकायची, मॅडम?" मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "अगं कॉन्व्हेंट, तूच रुग्णाला शेक देतेस. नंतरची फिल्म कुठली हे कळलं की तुझं स्केल आपोआप थोडं आत सरकणार. मुद्दाम नाही सरकवणार तू. चांगली आहेस म्हणून सरकवशील." तुम्ही मला नावाने फार क्वचित हाक मारलीत. पहिल्याच दिवशी मी एका रुग्णाला "तुमचा ट्यूमर रिस्पॉन्ड करतोय" असं सांगितलं आणि तो घाबरून रडायला लागला, तेव्हापासून मी 'कॉन्व्हेंट'च झाले. तुम्ही मला महिनाभर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात फक्त मराठीत बोलायची शिक्षा दिली होतीत. गाठ, श्वास, गिळणं, आणि रेडिएशनला शेक. आज मी रुग्णांशी ज्या भाषेत बोलते ती दादरच्या आमच्या घरातली नाही आणि शाळेतली तर नाहीच, ती तुमच्याकडून आलेली आहे.

आणि ते पेढे. ते आठवले की अजून कान तापतात. वडाळ्याचे एक रेल्वेतले गृहस्थ होते. मी त्यांची नवी फिल्म उजेडात धरली, जुनी शेजारी धरली आणि कौतुकाने त्यांच्या बायकोला सांगून टाकलं, की गाठ चांगलीच लहान झाली आहे. दुसऱ्या दिवशी बाई पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन आल्या, शिपायापासून मेट्रनपर्यंत सगळ्यांना वाटले. तुमच्यासमोर बॉक्स आला. तुम्ही पेढा घेतला नाहीत. दोन्ही फिल्म मागवल्यात, बराच वेळ पाहिल्यात आणि मग मला आत बोलावून दार लावलंत.

"पहिली फिल्म कुठे काढली होती?"

"वॉर्डात, मॅडम. तेव्हा त्यांना धाप लागत होती."

"म्हणजे खाटेवर झोपवून. आणि ही?"

"खाली. उभं करून."

"मग? झोपवून समोरून काढली की छातीतलं सगळं फुगून दिसतं, हे कुणी शिकवलं नाही? गाठ तेवढीच आहे. तू दोन वेगळ्या सावल्या मोजल्यास. आता पेढे परत करायला तू जाणार की मी जाऊ?"

मीच गेले. त्या बाईंनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, उलट पाणी विचारलं, आणि ते मला जास्त लागलं. परत आले तेव्हा तुम्ही नेहमीसारख्या पुढच्या रुग्णाची छाती ठोकून बघत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "जेवून घे."

तुमचं रागावणं असं होतं, आणि तुमचं शिकवणं त्याहून विचित्र. एका रविवारी तुम्ही मला आणि माझ्याबरोबरच्या मुलीला गिरगावात घरी बोलावलंत. आम्हाला वाटलं, मॅडम जेवायला घालणार. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेली तुमची पांढरी पातळं, स्वयंपाकघरात बिडाचा तवा. तुम्ही तव्यावर आंबोळी घातलीत, झाकण ठेवलंत, काढलीत आणि ताट आमच्यासमोर सरकवून हातात स्केल दिलंत. "मोजा. केवढी आहे?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग मी मोजली, तिने मोजली. बोटभर फरक. ती म्हणाली, "अगं, तू ती जाळी कशाला धरलीस? ती काय आंबोळी आहे?" मी म्हणाले, "मग काय आहे? तूच खाणार आहेस ना ती?" कडेची ती पातळ, कुरकुरीत जाळी, तव्यावर पसरता पसरता विरत गेलेली, ती धरायची की नाही यावर आमचं चांगलंच जुंपलं. तुम्ही खोबऱ्याची चटणी वाटत ऐकत होतात. शेवटी म्हणालात, "दोघीही बरोबर. प्रश्न असा आहे की उद्याची आंबोळी तुम्ही कुठून मोजणार? आज जाळी धरलीत तर उद्याही धरा. आज सोडलीत तर उद्याही सोडा. गाठीला कुंपण नसतं. ते तुम्ही घालायचं असतं, आणि एकदा घातलं की हलवायचं नसतं." तोवर आंबोळी गार झाली होती. तुम्हाला स्वयंपाक फारसा येत नव्हता, मॅडम, चटणीत मीठ नव्हतं. पण आम्ही दोघींनी सहा-सात तरी खाल्ल्या असतील.

आता आमच्याकडे स्केल नाही. आता छातीचे पातळ काप करावेत तसा स्कॅन निघतो, आणि श्वासाबरोबर गाठ वर-खाली कशी होते तेही दिसतं. तुम्ही असतात तर स्क्रीनसमोरून उठला नसतात. रोज शेक देण्याआधी रुग्णाला मशीनवर झोपवलं की तिथेच एक झटपट स्कॅन होतो, तो बरोबर जागी झोपला आहे ना हे बघायला. त्यातही गाठ दिसते. म्हणजे उपचार चालू असताना रोज गाठ बघायला मिळते, जे तुम्हाला कधीच मिळालं नाही. पण तो स्कॅन पुसट असतो, कारण तो होईपर्यंत रुग्ण श्वास घेतच राहतो आणि गाठीची कड फिसकटते. वर काळ्या-पांढऱ्याचं सेटिंग जरा बदललं की तीच गाठ जाडी नाहीतर बारकी दिसते. तुमची जाळी आहेच, फक्त जास्त महाग झाली आहे. म्हणून मी नियम केला: एकच सेटिंग, श्वास सोडल्यावरचीच गाठ, दोघांनी तरी वेगवेगळं मोजायचं, आणि पट्टी लावून. बाहेरून शिकायला येणारे याला माझी पद्धत म्हणतात. मी दर वेळी सांगते की ही माझ्या मॅडमची, आणि सांगताना माझी मान जरा ताठ होते, ती होऊ देते.

आता जे सांगायला बसले ते सांगते. या वर्षी लालबागच्या एक बाई उपचाराला आल्या. मसाला कांडपाचं दुकान, वय माझ्याएवढंच, तरी सगळ्यांसारखं मीही त्यांना मावशीच म्हणायला लागले. उजव्या फुप्फुसात, मोठ्या श्वासनळीला खेटून गाठ. शस्त्रक्रियेची जागा नाही, म्हणून औषध आणि शेक. पहिल्या दिवशी आमचा टेक्निशियन त्यांना समजावत होता, "मावशी, श्वास घ्या, सोडा, एकसारखा, हळू." त्या झोपल्या झोपल्याच म्हणाल्या, "मेल्या, जन्मभर मिरचीच्या खकाण्यात श्वास सांभाळून कांडलंय मी. तू मला श्वास शिकवतोस?" आणि खरोखर, त्यांच्याइतका एकसारखा श्वास आम्ही क्वचित पाहिला असेल.

चौथ्या आठवड्यात त्यांचं गिळणं बंद होत आलं. गाठीच्या मागून अन्ननलिका जाते, तिलाही शेक लागतो आणि ती आतून सोलवटते. "पाणी प्यायले तरी माझाच मसाला मला लागतो," असं त्या म्हणायच्या, आणि हसायला जाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. वजन उतरलं. पेज, दूध, सगळं सुनेने करून पाहिलं. एके सकाळी मशीनच्या खोलीबाहेर त्या बाकावर बसून राहिल्या, आत जाईनात. "डॉक्टरीणबाई, आता बस्स. राहिलेला शेक तुमच्या सासूला द्या." उपचार अर्धवट सुटला तर गाठ परत उसळते, हे त्यांना माहीत होतं. तरी त्या उठेनात. कशाबशा उठल्या, आत गेल्या, आणि त्या सकाळचा स्कॅन स्क्रीनवर आला तेव्हा मला काय आनंद झाला सांगू! तो पांढरा गोळा चक्क आक्रसला होता. बाहेरची सगळी बाजू मोकळी. गाठ एवढी कमी झाली असेल तर शेकाचं क्षेत्रही लहान करता येईल, अन्ननलिका बरीचशी वाचेल, बाई जेवतील, उपचार पुरा करतील. मी तिथेच मोजलं, नवी रेघ आखली आणि शेकाचा हिशेब मांडणाऱ्या आमच्या फिजिसिस्टला सांगितलं, लहान प्लॅन करायला घे. बाहेर येऊन मावशींना म्हटलंही, की थांबा, तुमच्यासाठी काहीतरी करते.

आमच्याकडे एक ज्युनिअर डॉक्टर आहे. करी रोडची मुलगी. आजोबा गिरणीत होते, चाळ होती तिथे आता टॉवर आहे आणि ही विसाव्या मजल्यावर राहते. म्हणते, "लिफ्ट बंद पडली की चाळ आठवते, मॅडम." एरवी कमी बोलते. ती माझ्या मागे उभी होती.

"मॅडम, आधी पट्टी लावूया ना?"

"अगं, रोज बघतोय आपण त्यांना. झाकून काय झाकणार? मला त्यांची छाती पाठ आहे."

"म्हणूनच, मॅडम."

टेक्निशियन खोटं खोटं खोकला. मी तिच्याकडे वळून पाहिलं. ती घाबरली होती, पण जागची हलली नव्हती. मी म्हटलं, "लाव."

तिने उपचाराआधीचा स्कॅन आणि मधल्या दिवसांचे पाच-सहा स्कॅन घेतले, तारखा झाकल्या, क्रम बदलला. ती, फिजिसिस्ट आणि मी, तिघांनी वेगवेगळं मोजलं. आणि दुपारी तिघांच्या रेघा एकावर एक ठेवल्या, तर माझी रेघ एकटीच आत. मी वाद घातला. "ही बाहेरची बाजू बघ, इथे पूर्वी पांढरं होतं, आता नाही. मग गेलं कुठे?" ती म्हणाली, "मॅडम, ते पांढरं होतं ते फुप्फुस होतं. गाठीने नळी दाबली होती, तिच्या पलीकडच्या भागात हवा जात नव्हती, तो मिटला होता. मिटलेलं फुप्फुस या स्कॅनवर गाठीसारखंच दिसतं. आता नळी उघडलीय, हवा गेलीय. गाठ अगदी थोडी कमी झालीय. बाकी जागेवरून सरकलीय." मग हळूच, "तुम्ही सेटिंगही बदललंत, मॅडम. कड उजळ दिसावी म्हणून."

बदललं होतं. कधी हात गेला मला कळलंही नाही.

तरी मी सहज ऐकलं नाही. शिरेतून औषध देऊन नवा स्कॅन करायला लावला, गाठीचा जिवंत भाग दाखवणारा पेट स्कॅन करायला लावला. दोन्हींनी तिचंच खरं ठरवलं. माझ्या लहान प्लॅनमध्ये गाठीची खरी कड शेकाच्या बाहेर राहिली असती, आणि बाई जेवल्या असत्या, हसल्या असत्या, आणि काही महिन्यांनी तीच कड वाढून परत आली असती. त्या रेघेवर माझी सही असती. फिजिसिस्ट पुन्हा बसला. क्षेत्र लहान झालं नाही. पण फुप्फुस उघडल्यामुळे आतलं सगळंच थोडं हललं होतं, गाठ आणि अन्ननलिका यांच्यात बारीकशी फट मिळाली होती, तिचा त्याने जेवढा फायदा घेता येईल तेवढा घेतला.

मावशींना सांगायचं काम मी ज्युनिअरला दिलं आणि शेजारी उभी राहिले. ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "मावशी, गाठ आम्हाला वाटली तितकी कमी नाही झालेली. राहिलेला शेक सगळा घ्यावा लागेल. दुखणं थोडं कमी व्हावं म्हणून दिशा बदललीय. आणि नळी घालून पोटात दूध सोडू, म्हणजे वजन उतरणार नाही."

"मग या परवा हसत होत्या त्या कशाला?" मावशींनी माझ्याकडे हनुवटी केली.

"माझं चुकलं, मावशी. हिने बरोबर मोजलं."

त्यांनी आधी मला, मग तिला नीट न्याहाळलं. "असू दे. घरात एक तरी शहाणं असावं," म्हणाल्या. आणि मग तिला, "नळी तूच घालायची, बाय. यांच्या हाताला धीर नाही आज." त्यांनी उपचार पुरा केला. एकही दिवस चुकवला नाही.

गेल्या आठवड्यात त्या तपासणीला आल्या होत्या. स्कॅन झाला, पट्टी लावून तिघांनी मोजला, आणि या वेळी तिघांच्या रेघा एकमेकींना चिकटून होत्या. गाठ लहान झाली आहे. खरोखर लहान. पुढे काय होईल ते मी सांगत नाही, तेही तुम्हीच शिकवलंत. मावशी सुनेने केलेली तांदळाची भाकरी खातात आणि गल्ल्यावर बसून सगळ्यांना शिव्या घालतात. त्यांनी ज्युनिअरसाठी घरच्या मसाल्याची पिशवी आणली होती. मला म्हणाल्या, "तुम्हाला पुढच्या वेळी." ती मुलगी पिशवी छातीशी धरून कॉरिडॉरने निघाली, जाता जाता टेक्निशियन तिला म्हणाला, "मॅडम, आमचा वाटा?" आणि ती हसली, आणि मी दारात उभी राहून बघत राहिले. मॅडम, उभ्या आयुष्यात एवढा अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामाचा वाटला नाही. मी चुकले होते आणि माझ्याच विभागातल्या, माझ्याच हाताखालच्या मुलीने मला अडवलं होतं, हे मला कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटत होतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, बहिणीला फोन करून सांगितलं. फक्त तिला सांगितलं नाही. तिला मी त्या दुपारी म्हटलं, "उद्याची यादी तयार आहे का?"

रोज सकाळी ठरवते की आज तिला बोलावून दोन वाक्यं बोलायची. ती समोर येते, मी चष्मा पुसते, आणि भलतंच काहीतरी विचारते. तुम्हीही मला कधी शाब्बास म्हणाला नाहीत. 'जेवून घे' म्हणालात. तेव्हा वाटायचं, तुम्हाला काही वाटतच नसेल. आता मीच चष्मा पुसत राहते तेव्हा कळतं की वाटत असणार.

म्हणून एक सांगून टाकते, रागावू नका. हे सगळं तुमच्यासाठी लिहिलंच नाही. उद्या तिच्यापुढे बोलताना अडखळायला नको, म्हणून आज तुमच्यापुढे तालीम करून घेतली.